‘हार्दिक शुभेच्छा’ पुरे, आता तुमचं काहीतरी छापा!

तुमच्या मोबाइलची गॅलरी उघडा आणि गेल्या महिन्याभरात आलेले ‘हार्दिक शुभेच्छा’ मोजा. गुलाबाची फुलं, मागे चमचमणारे दिवे, वर सोनेरी अक्षरं. त्यातलं कुठलं कुणी पाठवलं होतं, हे नाव न बघता सांगता येतंय का? नाही ना? पाठवणाऱ्यालाही नाही येणार. त्याने ते दुसऱ्या ग्रुपवरून उचललं आणि इकडे ढकललं. दहा सेकंदांचं काम. आपणही तेच करतो आणि वर म्हणतो, ‘अरे, विश केलं की!’

तर माझं म्हणणं सरळ आहे. वर्षातून निदान चार-पाच वेळा, जी माणसं खरंच आपली आहेत त्यांच्यासाठी, ग्रीटिंग घरी बनवा आणि कागदावर छापा. मैत्रिणीचा वाढदिवस, ताईच्या बाळाचं बारसं, बाबांची रिटायरमेंट, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. निमंत्रणापासून लाडवाच्या डब्यावरच्या लेबलपर्यंत सगळं तुमच्या हातचं. हौस म्हणून तर कराच, पण खरा मुद्दा हा की, तयार कार्डात शब्द दुसऱ्याचे असतात. घरी करायला बसलात की पहिला प्रश्न समोर येतो, ‘या माणसाला मला नक्की काय सांगायचंय?’ तो प्रश्न आपण कित्येक वर्षं टाळत आलोय.

यावर लगेच येणारं उत्तर मला माहितीये. ‘ॲपमध्ये टेम्प्लेट आहेत की हजारो. नाव बदललं की झालं.’ टेम्प्लेटला माझा विरोध नाही. चौकट म्हणून वापरा. पण त्यातला मजकूर पुसून टाका आणि तिथे तुमचं एक तरी वाक्य लिहा, जे जगात फक्त त्या एका माणसाला लागू पडेल. ‘तुझ्यासारखी मैत्रीण मिळणं हे भाग्य’ हे कुणालाही चालतं, म्हणून कुणालाच भिडत नाही. ‘बारावीच्या फिजिक्सच्या आदल्या रात्री तू फोनवर अख्खा चॅप्टर शिकवलास’ हे एकीलाच चालतं. ते कार्ड ती कपाटात ठेवणार, पैज लावा.

चित्रांचंही तसंच. नेटवरून कार्टूनचं चित्र उचलायचं, तर त्याचा हक्क दुसऱ्याचा असतो आणि ते लाखोंनी आधी वापरलेलंही असतं. त्यापेक्षा आईने काढलेल्या रांगोळीचा फोटो घ्या. कुंडीतलं पान स्कॅन करा. आजीच्या वहीतली रव्याच्या लाडवांची कृती तिच्या अक्षरात आहे ना? तीच स्कॅन करून कार्डाच्या मागच्या बाजूला छापा. आजीचं अक्षर कुठल्याच ॲपच्या फॉन्टमध्ये मिळत नाही.

आता आपल्या भाषेचा मुद्दा. घरगुती मराठी कार्डांची खरी वाट लागते ती अक्षरांत. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठीचं सेटिंग चालू नसेल, तर ‘हार्दिक’चा रफार सुटून पडतो, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि शुभेच्छांतला ‘च्छा’ पाय मोडल्यासारखा दिसतो. एआयने बनवलेल्या चित्रांत तर अनेकदा मराठीसारखं दिसणारं, पण मराठी नसलंच असं काहीतरी उमटतं. आणि आपण ते ‘चालतंय’ म्हणून पाठवतो! इंग्रजीत ‘हॅपी’चं स्पेलिंग चुकलं तर आपण लाजेने डिलीट करू, मग मराठीला ही सवलत का?

उपाय अजिबात अवघड नाही. युनिकोडमध्येच टाइप करा. गूगल फॉन्ट्सवर मुक्त, बलू, कलम, टिरो देवनागरी मराठी असे फॉन्ट फुकट मिळतात. यातला ‘कलम’ हस्ताक्षरासारखा दिसतो, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ खास मराठी वळणाचा आहे. मराठीतला पाकळीवाला ‘ल’ आणि देठवाला ‘श’ हिंदीतल्या अक्षरांहून वेगळे दिसतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की बाजारातल्या निम्म्या पाट्यांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. कार्डावर दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत. एक नावासाठी, एक मजकुरासाठी, बस्स.

छपाईचं गणितही समजून घ्या, म्हणजे कागद आणि शाई वाया जाणार नाही. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. त्याची दोनदा घडी घातली की ए-सिक्स आकाराचं, हातात छान मावणारं कार्ड होतं. गंमत म्हणजे चारही पानं कागदाच्या एकाच बाजूला छापता येतात, पाठपोट छपाईची गरजच नाही. कागद उभा ठेवा. खालच्या अर्ध्या भागात उजवीकडे मुखपृष्ठ आणि डावीकडे मागचं पान. आतली दोन पानं वरच्या अर्ध्या भागात, पण उलटी. आधी साध्या कागदावर पेन्सिलने आकडे टाकून घडी घालून बघा, लगेच डोक्यात बसेल. दुहेरी कागदामुळे कार्डाला जाडीही येते, त्यामुळे महागडं कार्डशीट नसलं तरी चालतं.

रोजचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. अशा घडीच्या कार्डाला १०० ते १२० जीएसएमचा पुरतो. एकाच घडीचं कार्ड हवं असेल तर २०० च्या पुढचा घ्या, पण आधी आपला प्रिंटर किती जाड कागद ओढतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटोपेपर लेझर प्रिंटरमध्ये चुकूनही घालू नका. लेझर प्रिंटर उष्णतेने टोनर पक्का करतो, त्यात त्या कागदाचा थर वितळू शकतो. फोटोचं रिझोल्यूशन ३०० डीपीआय ठेवा, म्हणजे पूर्ण ए-सिक्स पानाला साधारण १२४० बाय १७४८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र आकसलेलं असतं, ते डॉक्युमेंट म्हणून मागवा. बरेच घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून चारही बाजूंना पाच मिलिमीटर मोकळे सोडा. घडी घालण्याआधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, कड दुकानातल्यासारखी येते. आणि पानभर गडद रंगाची पार्श्वभूमी टाळा. ती शाई अक्षरशः पिते.

घरी प्रिंटर नसेल तर? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ घेऊन जा. ‘फिट टू पेज’ नको, ‘ॲक्च्युअल साइझ’वर काढा म्हणा आणि आधी एकच प्रत काढून बघा. कागद आपला नेलात तर उत्तमच. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचे कागद एकदा हाताळून बघाच. मात्र खरखरीत हातकागद कुठल्याही मशीनमध्ये कोंबू नका. त्यावर हातानेच लिहा, तो त्यासाठीच शोभतो.

दोन आक्षेप मात्र रास्त आहेत. पहिला पर्यावरणाचा. अडीचशे लोकांना तारीख-वेळ-पत्ता कळवायचा असेल तर व्हॉट्सॲपच बरं, तिथे कागद खर्चायचं कारण नाही. कार्ड त्या वीस-पंचवीस जणांसाठी, जे ते जपून ठेवतील. त्यावर चमकी आणि प्लास्टिक लॅमिनेशन नको, ते लावलं की कागद रद्दीच्याही कामाचा राहत नाही. दुसरा आक्षेप प्रेसवाल्यांच्या पोटाचा. शंभराच्या वर प्रती लागणार असतील तर घरच्या शाईत ते परवडतही नाही. तेव्हा गिरगावच्या खाडिलकर रोडवर जा, नाहीतर तुमच्या गावातल्या प्रेसमध्ये जा. फक्त डिझाइन आणि मजकूर तुमचा न्या.

कारण मजकूर कोण ठरवतं, हा साधा प्रश्न नाही. आपल्याकडच्या पत्रिका बघा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरुवात, मग वडिलांचं पूर्ण नाव, काकांची, मामांची नावं. आणि आई? पुष्कळदा ‘सौ. व श्री.’मधल्या त्या ‘सौ.’पुरतीच. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालंय. सरकारी फॉर्म जर बदलू शकतो, तर घरच्या बारशाच्या कार्डावर बाळाच्या आईचं नाव पूर्ण लिहायला काय हरकत आहे? ते कार्ड दुकानातल्या नमुन्यावरून ठरलं तर नमुनाच जिंकतो. ते तुमच्या लॅपटॉपवर तयार होत असेल तर ‘आत्याचं नाव का नाही?’, ‘मुलीकडच्यांची नावं लहान अक्षरात का?’ हे प्रश्न घरात विचारले जातात. थोडी वादावादी होईल. होऊ द्या. पत्रिकेवरचा वाद नंतरच्या अबोल्यापेक्षा केव्हाही परवडला.

मग आता कॅलेंडर बघा. तुमच्या जवळच्या कुणाचा तरी वाढदिवस येत्या महिन्याभरात असणारच. आधी मजकूर लिहा, फॉन्ट-बिंट नंतर. छापण्याआधी ते कार्ड घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. शुद्धलेखनाच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, दुसऱ्याला लगेच दिसतात. आणि आत खाली सहीसाठी दोन बोटं जागा सोडा. सगळं छापलेलं असलं तरी नाव मात्र पेनाने लिहा.