विद्यापीठातील सांस्कृतिक कार्य : दान की हक्क?

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ आहे. आज तेथे प्रथम नजरेत भरतो तो विमानतळाच्या रस्त्यावरील उड्डाणपूल आणि नागवाऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची काचेची नगरी. परंतु हेब्बाळची खरी ओळख या काचेत नाही, मातीत आहे. १८९९ मध्ये म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणी वाणीविलास यांच्या काळात तेथील ३० एकरांवर प्रायोगिक शेती सुरू झाली. १९१३ मध्ये कृषिशाळा आली, १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय, १९५८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ. सव्वाशे वर्षे जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या परंपरेत शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी राखीव जागा आहेत. रायचूर-कोलारच्या कोरडवाहू गावातून आलेला विद्यार्थी चार-पाच वर्षे वसतिगृहात काढतो. दिवसा तो मातीचे पृथक्करण शिकतो, जनावरांचे रोग शिकतो. संध्याकाळी तो काय करतो, हा प्रश्न मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात येत नाही.

नाटक, गाणे, चित्रपट, व्याख्यान, वादविवाद हे सारे विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या आवारात, एक पैसाही न मोजता मिळाले पाहिजे, ही मागणी ऐकली की दोन प्रकारचे लोक हसतात. एक म्हणजे विद्यापीठांचे कारभारी. त्यांचा ठराविक सवाल असतो : ‘पैसा कोठून आणायचा?’ दुसरे, दुर्दैवाने, चळवळीतीलच काही मंडळी. शुल्कवाढ, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे ‘खरे’ प्रश्न आणि सांस्कृतिक कार्य म्हणजे फावल्या वेळची करमणूक, अशी त्यांची समजूत असते. दोघांनाही उत्तर देणे आवश्यक आहे.

कारभाऱ्यांचे उत्तर त्यांच्याच दप्तरात आहे. देशातील बहुतेक विद्यापीठांच्या शुल्काची पावती पाहावी. शिकवणी शुल्काच्या खाली जिमखाना, क्रीडा, नियतकालिक, सांस्कृतिक कार्यक्रम, विद्यार्थी कल्याण अशी बारीक अक्षरांतील कलमे असतात. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या विद्यार्थ्याला ‘जिमखाना फी’ आणि ‘गॅदरिंग’ हे शब्द पाठ आहेत. म्हणजे ज्याला ‘मोफत’ कार्यक्रम म्हणून विद्यार्थ्यासमोर उपकारासारखे ठेवले जाते, त्याचे पैसे जूनमध्येच वसूल झालेले असतात. ज्या सभागृहात तो कार्यक्रम होतो त्याच्या विटा, दिवे, पंखे, इतकेच नव्हे तर भाषण करणाऱ्या कुलगुरूंची खुर्ची, हे सारे ज्याने कर भरला त्या कष्टकऱ्याचे आहे. तेव्हा पैसा कोठून आणायचा, हा प्रश्नच खोटा आहे. आलेला पैसा कोणाच्या संमतीने आणि कशावर खर्च होतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला बैठकीत जागा नसते.

या रिकाम्या जागेत भांडवल शिरते. गेल्या तीन-साडेतीन दशकांत मोठ्या शहरांतील महाविद्यालयीन महोत्सवांचे स्वरूप पार पालटले आहे. शीतपेये, मोबाइल, बँका, शिकवणी वर्ग यांचे फलक रंगमंचाच्या माथ्यावर चढले. प्रायोजक मिळवणे हीच विद्यार्थी कार्यकर्त्याची मुख्य कामगिरी ठरली आणि ज्याने अधिक प्रायोजक आणले तो अधिक कर्तबगार गणला जाऊ लागला. प्रवेश कधी विनामूल्य असतो, हे खरे. परंतु हा विनामूल्य प्रवेश आठवडेबाजारातील फुकट नमुन्यासारखा आहे. तेथे विद्यार्थी श्रोता म्हणून येत नाही, गिऱ्हाईक म्हणून मोजला जातो. शेतमजुरांच्या वेतनावरचे नाटक असल्या फलकाखाली कोण करू देईल? बंदी घालण्याची गरजच पडत नाही. त्याला प्रायोजक मिळत नाही, एवढे पुरे होते.

आणि जेथे प्रायोजकाची गरज नसते, जेथे काही विद्यार्थी स्वतः चटई अंथरून बसायला तयार असतात, तेथे ‘परवानगी’ नावाचे हत्यार बाहेर निघते. हेब्बाळपासून काही मैलांवर भारतीय विज्ञान संस्था आहे. २८ जून २०२३ रोजी तेथे यूएपीए कायदा आणि तुरुंग या विषयावर चर्चा ठरली होती. त्या कायद्याखाली स्वतः तुरुंगवास भोगलेल्या नताशा नरवाल आणि देवांगना कलिता बोलणार होत्या. दिलेली परवानगी ऐनवेळी काढून घेण्यात आली. विद्यार्थी व अध्यापक उघड्यावर बसले आणि तेथे चर्चा केली. त्यानंतर देशभरातील पाचशेहून अधिक शास्त्रज्ञ व अभ्यासकांनी संस्थेला पत्र लिहून निषेध नोंदवला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्याच्यावरील आक्षेपांत आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ हा माहितीपट पाहण्याचे आवाहनही होते. हा माहितीपट १९९२ चा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे आणि तो दूरदर्शनवरून प्रक्षेपित झालेला आहे. जे सरकारी दूरदर्शनवर चालते ते विद्यापीठात चालत नाही!

सुरक्षा आणि शिस्त यांची सबब येथे पुढे केली जाते. ही सबब किती पोकळ आहे ते पाहण्यासाठी पुन्हा हेब्बाळच्याच रस्त्याला यावे. बळ्ळारी रस्त्यावर थोडे पुढे कृषी विद्यापीठाचे गांधी कृषी विज्ञान केंद्र हे विस्तीर्ण आवार आहे. तेथील कृषी मेळ्याला लाखो लोक येतात. शेतकरी गावोगावहून येतात आणि बियाणे, ट्रॅक्टर, औषधे विकणाऱ्या कंपन्या आपले स्टॉल मांडतात. विद्यार्थी राबतात, प्रवेशाला तिकीट नसते. हा मेळा उत्तमच आहे. विद्यापीठाने शेतकऱ्याला दार उघडलेच पाहिजे. मुद्दा एवढाच की ज्या देशातील विद्यापीठाचे आवार लाखांची गर्दी सांभाळू शकते, त्या देशातील दुसऱ्या विद्यापीठात शे-दीडशे विद्यार्थ्यांच्या व्याख्यानाने शांतता कशी धोक्यात येते? खते-औषधांच्या जाहिरातींनी जी शांतता ढळत नाही ती यूएपीएवरील चर्चेने ढळते, यावरून ही शांतता कोणत्या वर्गाची आहे हे उघड होते.

विनामूल्य, अखंड आणि प्रतिष्ठित कार्यक्रम चालवणे अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांना बंगळूरच उत्तर देते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बंगळूर सायन्स फोरम सुरू केला. आठवड्याच्या आठवड्याला विज्ञानावर व्याख्यान, ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे, तिकीट नाही. हे गृहस्थ काही कम्युनिस्ट नव्हते. ते खादीधारी गांधीवादी होते, ‘छोडो भारत’ आंदोलनात येरवड्याच्या तुरुंगातही राहिले होते. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी १९७६ मध्ये बाबांच्या चमत्कारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि बड्या भक्तांचा रोष ओढवून घेतला. वसतिगृहाच्या एका खोलीत राहणाऱ्या या माणसाने जे दशकानुदशके चालवून दाखवले ते कोट्यवधींच्या अंदाजपत्रकांना जमत नाही, याचे कारण पैशाच्या टंचाईत शोधू नये.

आता चळवळीतील मंडळींविषयी. ज्यांना सांस्कृतिक कार्य दुय्यम वाटते त्यांनी स्वतःचा इतिहास तपासावा. अनिल डिसिल्व्हा यांनी पीपल्स थिएटर उभारले ते १९४१ मध्ये, याच बंगळुरात. १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ची स्थापना झाली त्याच्या आधी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात जो विचार पोहोचवला तो किती पत्रकांनी पोहोचला असता? १९७५ मध्ये, आणीबाणीच्या वर्षी, प्रसन्ना आदींच्या पुढाकाराने बंगळुरात ‘समुदाय’ उभी राहिली. १९७७ मध्ये बिहारात बेलची येथे दलितांना जिवंत जाळले गेले, त्यावरचे तिचे पथनाट्य कर्नाटकाच्या गावागावांत पोहोचले. त्याचे दिग्दर्शक सी. जी. कृष्णस्वामी हे बंगळूर विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत. विद्यापीठ आणि रस्ता यांत तेव्हा भिंत नव्हती. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादला सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला तो पथनाट्य चालू असतानाच. मारेकऱ्यांना पथनाट्याचे महत्त्व समजले होते. ते काही कार्यकर्त्यांना अजून समजत नाही.

जागा रिकामी राहत नाही. डाव्या विद्यार्थी संघटनेने वसतिगृहात चित्रपट दाखवणे सोडले की तेथे आरती सुरू होते, कथाकीर्तनाच्या नावाखाली द्वेषाचे व्याख्यान येते, आणि त्याला परवानगीही लगेच मिळते. तेही विनामूल्यच असते. विनामूल्य असणे हा स्वतःपुरता गुण नाही, हे म्हणूनच ध्यानात घेतले पाहिजे. कार्यक्रम कोणी ठरवला, कोणाला विचारून ठरवला, आणि न आवडल्यास उभे राहून प्रश्न विचारता आला काय, यावर सारे अवलंबून आहे.

येथे प्रश्न विद्यार्थी संघाच्या निवडणुकांशी येऊन भिडतो. कर्नाटकात १९८९ मध्ये त्या बंद करण्यात आल्या. महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद केली, २०१९ मध्ये त्या जाहीरही झाल्या आणि लगेच लांबणीवर टाकल्या गेल्या. हिंसेचे कारण दाखवून विधानसभेच्या निवडणुका कोणी कायमच्या बंद करीत नाही. निवडून आलेला प्रतिनिधी नसला की सांस्कृतिक निधी अधिष्ठात्याच्या सहीने खर्च होतो, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला टाळ्या वाजवण्याचे काम उरते.

विद्यार्थी आघाडीवरील साथींना या कामाचा आरंभ उद्याच करता येईल आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयात शुल्काची पावती घ्यावी, सांस्कृतिक कार्याच्या कलमाखालील रक्कम विद्यार्थीसंख्येने गुणावी आणि तो आकडा सूचनाफलकाशेजारी लावावा. त्याखाली एवढेच लिहावे : या रकमेचा गेल्या वर्षीचा हिशेब द्या, आणि सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करा.