मालकाची लायकी कोण विचारणार?

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत एका माणसाला फुटबॉलचा संघ विकत घ्यायचा होता आणि तो त्याला मिळाला नाही. पैसे कमी पडले म्हणून नव्हे. ज्यांना त्या मैदानावर खेळायचं होतं त्यांच्यातल्या काहींनी उघड सांगितलं, या माणसासाठी आम्ही खेळणार नाही. ही गोष्ट आपण, म्हणजे घरातली पहिली पदवी घेतलेल्या लोकांनी, नीट माहीत करून घ्यावी असं मला वाटतं. तिच्यात मेरिट आहे, कोट्याचा टोमणा आहे, मालक आहे आणि युनियनही आहे. खेळ आणि देश तेवढा वेगळा.

माणसाचं नाव रश लिम्बॉ. रेडिओवर बोलणारा, उजव्या राजकारणाचा लाडका, मिझुरी राज्यातला. त्याच राज्यातल्या सेंट लुईस शहराचा रॅम्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ विक्रीला निघाला होता. डेव्ह चेकेट्स नावाच्या उद्योजकाने खरेदीदारांचा गट जमवला, त्यात लिम्बॉ एक भागीदार. एनएफएल या त्यांच्या लीगमध्ये नुसता चेक फाडून संघ मिळत नाही. बत्तीस संघांपैकी चोवीस मालकांची संमती लागते.

आता या लिम्बॉने आधी काय केलं होतं ते पाहा. २००३ मध्ये ईएसपीएन वाहिनीने त्याला फुटबॉलच्या कार्यक्रमात बसवलं होतं. तिथे तो फिलाडेल्फियाच्या डोनोव्हन मॅकनॅबबद्दल बोलला. मॅकनॅब कृष्णवर्णीय आणि क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चढाईची सगळी सूत्रं ज्याच्या हातात असतात तो खेळाडू. लिम्बॉच्या म्हणण्याचा सारांश असा की हा मुळात तेवढा चांगला नाही, पण काळा क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची फार इच्छा आहे, म्हणून त्याचं कौतुक होतं. त्या वेळेपर्यंत मॅकनॅबची तीन वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली होती. काही दिवसांत लिम्बॉला त्या कार्यक्रमातून बाहेर पडावं लागलं. दीडेक वर्षाने मॅकनॅब आपल्या संघाला सुपर बोलच्या अंतिम सामन्यात घेऊन गेला. हरले, पण गेले.

हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही? मी एका सरकारी बँकेत आहे, सध्या रायपूरला. प्रमोशनची यादी लागली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी हसत हसत म्हणाले, "तुमचं तर होणारच होतं." त्यांनी जातीचं नाव घेतलं नाही, शिवी दिली नाही. तक्रार करावी असा एक शब्द त्या वाक्यात नव्हता. लिम्बॉच्या वाक्याचीही बांधणी अगदी तीच. माणसाने काय केलं ते पाहायचंच नाही. त्याला कुणीतरी वर चढवलंय असं गृहीत धरायचं आणि वर 'मी फक्त माध्यमांवर टीका केली' म्हणून मोकळं व्हायचं. लिम्बॉने नेमका हाच बचाव केला होता.

क्वार्टरबॅकच का, हाही प्रश्न आहे. त्या खेळात कृष्णवर्णीयांनी धावावं, अडवावं, धडका द्याव्यात, याला कुणाची ना नव्हती. पण डोकं चालवायची जागा म्हणून क्वार्टरबॅकची जागा त्यांना अनेक दशकं नाकारली गेली. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या मुलांना व्यावसायिक संघात आल्यावर दुसऱ्या जागी खेळायला लावत. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स, आणि ते साल १९८८.

आपल्याकडे याची जोडी शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करणारे पळवणकर बाळू, जातीने चांभार, गोलंदाज म्हणून हिंदू संघाला हवे होते. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, आणि चहाच्या वेळी त्यांना मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्या दौऱ्याचे कर्णधार कोण? पतियाळाचे महाराजा, वय जेमतेम वीस, आणि ते मोजकेच सामने खेळले. बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद वर्षानुवर्षं नाकारलं गेलं. १९२० मध्ये त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी याच्या निषेधात संघातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. (पुढे १९३७ मध्ये बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तो हिशेब वेगळा, पण म्हणून १९२० खोटं ठरत नाही.) खेळणाऱ्यांनी 'आम्ही खेळत नाही' म्हणणं हे हत्यार आपल्या मातीतलंच आहे, अमेरिकेतून आयात केलेलं नाही.

तर २००९. लिम्बॉचं नाव बाहेर आल्यावर न्यूयॉर्क जायंट्सचा मथायस किवानुका आणि न्यूयॉर्क जेट्सचा बार्ट स्कॉट यांनी जाहीर सांगितलं की त्याच्या संघाकडून आम्ही खेळणार नाही. २००७ मध्ये लिम्बॉने एनएफएलच्या सामन्यांची तुलना गुंडांच्या दोन टोळ्यांच्या मारामारीशी केली होती, तेही लोकांना आठवत होतं. खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख डिमॉरिस स्मिथ यांनी पदाधिकाऱ्यांना पत्र पाठवून खेळाडूंनी बोलावं असं सुचवलं. लीगमध्ये साधारण दोन तृतीयांश खेळाडू कृष्णवर्णीय होते आणि मालकांमध्ये एकाही संघाचा मुख्य मालक कृष्णवर्णीय नव्हता. तरी इंडियानापोलिस कोल्ट्सचे मालक जिम इर्से यांनी मी याला मत देऊ शकणार नाही असं म्हटलं. लीगच्या आयुक्तांनीही असली फूट पाडणारी भाषा आम्हाला नको असं सांगितलं. १४ ऑक्टोबरला चेकेट्सने लिम्बॉला गटातून वगळलं.

मालकांना एका रात्रीत फुले-आंबेडकर उमगले असं कुणी समजू नये. त्यांना धंदा दिसत होता. चिडलेले खेळाडू, बिथरलेले जाहिरातदार आणि युनियनशी होऊ घातलेल्या कराराची बोलणी, हे गणित त्यांनी केलं. माझा मुद्दा तोच आहे. मालकाच्या हिशेबात खेळाडूचा अपमान खर्च म्हणून धरला गेला, कारण खेळाडू एकत्र होते.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती सांगितली पाहिजे. त्या दिवसांत लिम्बॉच्या नावावर गुलामगिरीची भलामण करणारं एक वाक्य फिरत होतं. तो तसं बोलल्याचा पुरावा कुणालाच देता आला नाही, आणि ते वापरणाऱ्या वाहिन्यांना माघार घ्यावी लागली. त्याने जे खरोखर म्हटलं होतं ते पुरेसं होतं. खोट्या वाक्याने त्याला 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणायची सोय करून दिली आणि ती त्याने आयुष्यभर वापरली. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या नावावर वाक्यं येतात. पुढे ढकलण्याआधी ते वाक्य कधी, कुठे म्हटलं गेलं ते पाहणं हा आपल्यासाठी सभ्यतेचा नव्हे, डावपेचाचा भाग आहे. आपली एक चूक समोरच्याला दहा वर्षं पुरते.

त्याच २००९ मध्ये, त्याच देशात, दुसऱ्या एका खेळात काय झालं पाहा. डोनाल्ड स्टर्लिंग हा लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचा मालक, १९८१ पासूनचा. धंदा घरं भाड्याने देण्याचा. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांना घरं नाकारल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर खटला भरला होता, आणि २००९ मध्ये २७ लाख डॉलरहून जास्त भरून त्याने तो मिटवला. बास्केटबॉल लीगने काय केलं? काहीच नाही. म्हणजे लिम्बॉ बोलला आणि दारातच अडवला गेला. स्टर्लिंगवर लोकांना घर नाकारल्याचा आरोप होता, तो आधीच आत बसलेला होता, त्याला कुणी हात लावला नाही. भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर 'कालच दिलं हो' ऐकलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही.

स्टर्लिंग अडकला तो २०१४ च्या एप्रिलमध्ये, एका खासगी संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आल्यावर. मैत्रिणीने काळ्या लोकांसोबत फोटो टाकू नयेत, त्यांना सामन्याला आणू नये, असं तो सांगत होता. त्याच्याच संघाच्या खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घालून संघाचं नाव झाकलं. बहिष्काराची तयारी सुरू झाली. दोन दिवसांत आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी त्याच्यावर तहहयात बंदी घातली, २५ लाख डॉलर दंड ठोठावला. संघ स्टीव्ह बॉल्मर यांना विकला गेला, दोन अब्ज डॉलरना. स्टर्लिंगने तो सव्वा कोटी डॉलरना घेतला होता. अशी शिक्षा कुणालाही चालेल!

आता आपल्याकडे या. आयपीएलमध्ये संघ विकत घेताना काय विचारतात? निविदा, पैसे, कंपनीचा ताळेबंद. २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना गेला, अहमदाबादचा ५,६२५ कोटींना. मालक कामगारांशी कसा वागतो, माणसांबद्दल काय बोलतो, हा प्रश्न त्या खोलीत उठल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मालकीबद्दल सर्वांत मोठा प्रश्न विचारला गेला तो कोर्टात. बोर्डाच्या पदाधिकाऱ्याचे बोर्डाच्या व्यवहारात आर्थिक हितसंबंध नसावेत असा नियम होता. २००८ मध्ये तो बदलून आयपीएलला त्यातून सूट दिली गेली. ती सूट सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ ला रद्द केली. दाद मागायला कोण गेलं होतं? बिहारची क्रिकेट संघटना, जिला तेव्हा बोर्डाचं पूर्ण सदस्यत्वही नव्हतं. उंबऱ्याबाहेरच्याने प्रश्न विचारला. आत बसलेले बहुतेक गप्प राहिले.

खेळाडू का बोलले नाहीत? याला घाबरटपणा म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्स बंद पडली, कर्मचाऱ्यांचे पगार थकले. फेब्रुवारी २०१४ च्या लिलावात विजय मल्ल्या यांच्या समूहाच्या बंगळूरू संघाने युवराज सिंगला १४ कोटींना घेतलं. तेव्हा त्या कर्मचाऱ्यांनी युवराजला उघड पत्र लिहिलं: आमचे पगार थकवणाऱ्या या मालकासाठी खेळू नका. युवराज खेळला. मी त्याला दोष देत नाही. लिलावात नाव घातलेला खेळाडू, ज्याने बोली लावली त्याच्याकडे जाणार. नाही म्हटलं तर करिअरचं काय, हे सांगायला त्याच्यामागे कुणीही उभं नव्हतं. किवानुकाच्या मागे युनियन होती. आपल्याकडे लोढा समितीच्या शिफारशींमुळे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली खरी, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात उतरणाऱ्याची, ज्याची बोली लागते त्याची, संघटना नाही.

कुणी म्हणेल, संघ ही खासगी मालमत्ता आहे, ज्याच्याकडे पैसा त्याने घ्यावी. मग सेंट लुईसचंच पुढचं ऐका. लिम्बॉ गेल्यावर रॅम्स संघ स्टॅन क्रोंके यांच्याकडे गेला. कुठलाही वाद नसलेला मालक. २०१६ मध्ये त्यांनी तो उचलून लॉस एंजेलिसला नेला. स्टेडियम लोकांच्या करातून बांधलेलं, ते रिकामं मागे राहिलं. शहर कोर्टात गेलं आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोंड सांभाळून बोलणारा मालक म्हणजे चांगला मालक असं नाही, म्हणून नुसत्या वाक्यांवर पहारा ठेवून भागत नाही. आणि आपल्याकडेही स्टेडियमच्या जमिनीपासून पोलीस बंदोबस्तापर्यंत सगळं खासगी असतं का, हे सामन्याच्या दिवशी रस्त्यावर अडकलेल्या कुणालाही विचारा.

लायकी हा शब्द आपण जन्मापासून ऐकतो. शाळेत, मुलाखतीत, प्रमोशनच्या यादीखाली. तो शब्द वरच्या दिशेने वापरलेला मी क्वचितच ऐकला आहे. माझ्या बँकेत एससी-एसटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, म्हणून रोस्टर दाखवा असं आम्ही लेखी मागू शकतो आणि उत्तर येतं. त्याच इमारतीत कंत्राटावर झाडू मारणाऱ्या आणि डेटा भरणाऱ्या पोरांना त्यांचा कंत्राटदार बदलला हे गेटवर आल्यावर कळतं. नवा मालक कोण, कसा, आधीच्या ठिकाणी त्याने पीएफ भरला होता का, हे विचारायला त्यांच्याकडे कागदच नाही.

क्रिकेट असो, कबड्डी असो की महिलांची लीग, पुढचा संघ विक्रीला निघेल तेव्हा निविदेच्या अर्जात दोन रकाने असावेत असं मला वाटतं. एक, तुमच्या कंपन्यांमध्ये आज किती लोकांचे पगार आणि पीएफ थकलेले आहेत. दुसरा, भेदभावाचे कोणते खटले तुमच्यावर चालू आहेत किंवा तुम्ही पैसे भरून मिटवलेत. आणि त्या अर्जावर मत देण्याचा अधिकार सध्या खेळणाऱ्या खेळाडूंच्या संघटनेला असावा. त्यासाठी आधी ती संघटना हवी. आपली कितीतरी पोरं-पोरी आता कबड्डीच्या, फुटबॉलच्या, क्रिकेटच्या करारांवर सह्या करतायत. तो इंग्रजी करार घरात वाचून दाखवणारे बहुतेक ठिकाणी आपणच असतो.