चिंचणीला टाकी नको, तिथी हवी

पालघर-बोईसरकडच्या तरुणांकडून गेल्या काही काळात एकच प्रश्न वारंवार येतो आहे. तारकर्लीला स्कूबा चालते, मालवणात स्नॉर्केलिंगच्या होड्या रांगेने उभ्या असतात, मग आमच्या चिंचणीने काय घोडे मारले? किनारा लांबरुंद आहे, मुंबईहून लोकल डहाणूपर्यंत येते आणि शनिवार-रविवारी गर्दीही होते. विचारणाऱ्यांत मालवणला जाऊन डाइव्हमास्टरचा कोर्स केलेलेही काही आहेत. त्यांना गावी परतायचे आहे. ही इच्छा आम्हाला मोलाची वाटते, म्हणूनच उत्तर स्पष्ट द्यायला हवे: चिंचणीच्या पाण्यात पर्यटकाला टाकी बांधून उतरवू नका.

कारण पाण्यातच आहे. मालवणला भरती-ओहोटीतला फरक दीड-दोन मीटरचा असतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो पाच मीटरच्या आसपास जातो, डहाणूकडे त्याहून वाढतो आणि खंभातच्या आखातात भावनगरपाशी दहा मीटरच्या घरात पोचतो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती यांनी आखातात आणून टाकलेला गाळ ते सतत ढवळत असते. चिंचणीचा उतार इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी दूरवर सरकते आणि परतताना तळचा चिखल उचलून आणते. या पाण्यात हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. पहिल्यांदाच रेग्युलेटर तोंडात धरलेल्या माणसाला अशा पाण्यात नेणे म्हणजे त्याच्या भीतीशी खेळणे आहे, आणि गोंधळून त्याने श्वास रोखून वर उसळी मारली तर फुप्फुसाला इजा व्हायला दोन-तीन मीटर खोलीही पुरते. हे आपण सगळे शिकलो आहोत आणि शिकवतोही.

शिवाय तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी जवळच्या नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढा नेला. ज्या पाण्याबद्दल मच्छीमारच इतकी वर्षे तक्रार करत आहेत, त्यात पाहुण्याला तोंड बुडवायला सांगण्याआधी पाणी तपासून घेण्याची जबाबदारी आपली आहे.

पण या किनाऱ्यावर दाखवण्यासारखे काही नाही, असे म्हणणारा माणूस तिथे उधाणाच्या ओहोटीला गेलेला नसतो. चिंचणीच्या उत्तरेला वरोर आणि त्यापुढे वाढवण. या पट्ट्यातली खडपे पाणी ओसरले की उघडी पडतात. कालवे, खुबे, गोगलगायी, खेकडे, समुद्रफुले हे सगळे खडकाच्या कपारीत आणि साचलेल्या डबक्यांत उघड्या डोळ्यांनी दिसते. शेवंडीची पिल्ले याच कपारींच्या आसऱ्याने वाढतात. वाढवणचा शंखोदर तर गावकऱ्यांच्या श्रद्धेचे ठिकाण आहे. मास्क लावून जे बघायला आपण माणसाला सहा-सात मीटर खाली नेतो, त्यातले बरेच काही इथे समुद्र स्वतःच बाजूला होऊन दाखवतो.

गढूळ पाण्याच्या किनाऱ्यावर हा उद्योग नवा नाही. कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या नराराला लोक ओहोटीत चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहतात. तो भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने हाजीअली, गिरगाव, जुहूच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या काढल्या, आणि ज्या शहराला आपला समुद्र मेलेला वाटत होता त्याला तो जिवंत असल्याचे दाखवले. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. प्रवाळ मुंबईच्या गाळातही तग धरून होते. चिंचणी-वाढवणच्या खडपांवर ते आहेत की नाहीत हे वाकून, शोधून, नोंदवून ठरवायचे आहे, आणि हे काम पाण्याखाली नजर तयार झालेल्या आपल्याच लोकांना सर्वांत चांगले जमेल.

यासाठी टाकीपेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडते. कोकणातल्या कोणत्याही नाखव्याला विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या भांगाला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, पण पाणी फार ओसरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते, आणि ती ओहोटी सकाळी सहा-सातला किंवा संध्याकाळी त्याच वेळी असते. ठिकाणागणिक थोडे पुढेमागे होते, म्हणून छापील भरती-कोष्टक हाताशी हवेच, पण तिथीचे गणित डोक्यात असलेला गाइड कधी बेसावध राहत नाही. चिंचणीची फेरी उधाणाच्या पहाटे काढायची. मालवणात डायव्हिंगसाठी चांगले दिवस बहुधा याच्या उलट असतात. भांगाला ओढ कमी असते, गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. आपल्यातले किती जण बुकिंग घेताना तिथी पाहतात? ग्राहकाला हवी असलेली तारीख घ्यायची आणि मग आत गेल्यावर पाणी खराब आहे म्हणून समुद्राला दोष द्यायचा, हे बंद व्हायला हवे.

सपाट किनाऱ्याचा धोका सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वळलेले पाणी तिथे समोरून येत नाही. आधी पाठीमागच्या चिरा आणि ओहोळ भरतात, मग खडपावरचा माणूस बेटावर अडकतो. ओसरत्या पाण्यामागे बाहेर जायचे आणि ओहोटी पुरी होताच परत फिरायचे, भरती सुरू झाल्यावर दहा मिनिटेही थांबायचे नाही. चिखलात पाऊल उचलून टाकू नये, सरकवत न्यावे, म्हणजे खाली दडलेले पाकट निघून जाते. शंख कितीही सुंदर असला तरी जिवंत असेल तर हातात घ्यायचा नाही, कोन जातीच्या गोगलगायीचा दंश जिवावर बेतू शकतो. आणि उलटलेला प्रत्येक दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात काही मिनिटांत मरतात.

ही शिस्त चिंचणीत पहिल्या दिवसापासून लावता येईल. मालवणात ती लावायला आपल्याला उशीर झाला. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. तिथल्या प्रवाळांनी २०१५-१६ च्या सुमारास विरंजन सोसले. त्यानंतर २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हौशी डायव्हिंगमुळे याच प्रवाळांचे होणारे नुकसान अभ्यासून प्रसिद्ध केले. त्यांनी लिहिले ते आपण रोज पाहत होतो: होडीचा नांगर प्रवाळावर पडतो, पर्यटकाचा फिन त्यावर आपटतो, स्नॉर्केल करणारा दमला की त्यावरच उभा राहतो, आणि फोटो चांगला यावा म्हणून गाइड स्वतः पाहुण्याचा हात प्रवाळावर ठेवतो. पोरायटीसचा गोळा वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. आपल्यापेक्षा वयाने मोठी वसाहत एका नांगराने फुटते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्यांना आहे. वाघाच्या पाठीवर हात ठेवून कोणी फोटो काढून देत नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाने १९७९ मध्ये सागरी उद्यान केले. तिथे नांगर टाकायला बंदी आहे, होड्या ठरावीक बोयांनाच बांधतात, हातमोजे घालून डाइव्ह करता येत नाही, आणि आलेल्या डायव्हरला आधी माहिती घेऊन तपासणीची डाइव्ह करावी लागते. बेटाचा चरितार्थ बराचसा डायव्हिंगवर चालतो, तरीही धंदा बुडाला नाही. मालवणला कायमचे बोये बसवणे आणि पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे एक गाइड पूर्ण वेळ ठेवणे, या दोन गोष्टी सरकारी परिपत्रकाची वाट न पाहता होडीमालक आणि केंद्रचालक आपसांत ठरवू शकतात. दर वाढवावा लागेल. तो वाढवा. स्वस्ताईच्या स्पर्धेत सगळ्यात आधी सुरक्षितता विकली जाते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद व्हायला तेव्हा जेमतेम एक-दोन दिवस उरले होते. हंगामाचे शेवटचे दिवस उरकून घेण्याची घाई आपल्या व्यवसायात अजून गेलेली नाही.

आता वाढवणकडे परत येऊ, कारण तिथे बंदर येऊ घातले आहे आणि वेळ कमी आहे. वाढवण ज्यात येते तो डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. तेव्हा न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली असलेल्या तालुक्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये हे बंदर नाकारले होते, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटारोधक भिंत असा आराखडा आहे. बंदराबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असतील. आमचे मत असे की, इतका मोठा भराव होताना प्रवाह बदलतील आणि गाळ हलेल, आणि त्याची पहिली झळ या खडपांना व तिथे कालवे काढून घर चालवणाऱ्या बायकांना बसेल. खडपांवर आज काय जगते आहे याची गावाने स्वतः केलेली, तारीखवार नोंद असेल तर उद्या भरपाईच्या आणि संवर्धनाच्या चर्चेत गावाच्या हातात काहीतरी असेल. अहवाल लिहिणाऱ्या कंपन्या दोन-चार हंगाम येऊन जातात. वर्षभर प्रत्येक उधाणाला तिथे जाऊ शकेल असा माणूस गावातलाच लागतो.

म्हणून गावी परतू इच्छिणाऱ्या प्रशिक्षकांना आमची सूचना अशी. पाच-सहा जणांचा गट करा, त्यात कालवे काढणाऱ्या जाणत्या स्त्रियांना मानधन देऊन सामील करून घ्या, कारण कोणत्या कपारीत काय राहते हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाही. त्यांच्या काढणीच्या जागेवर पर्यटक नेऊ नका. एका फेरीत दहाहून जास्त माणसे नकोत. फेरी संपली की नोंद करा: तिथी, ओहोटीची वेळ, जागा, पाण्याचा रंग आणि वास, दिसलेले जीव, आणि शक्य असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र. दर महिन्याला त्याच जागी, त्याच दगडापाशी जा. नाव माहीत नसेल तर गावातले नाव लिहा, शास्त्रीय नाव नंतर शोधता येते.

पुढच्या अंकापासून अशा नोंदींसाठी आम्ही दोन पाने राखून ठेवली आहेत. चिंचणी, वरोर, वाढवणबरोबरच मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या नोंदीही घेऊ. नोंद पाठवताना पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहा, आणि काहीच दिसले नाही तर तेही तिथीसकट लिहून पाठवा.