कल विचारण्याआधी काम दाखवा

मावळ तालुक्यातल्या कान्हे, टाकवे, कामशेत या पट्ट्यातली मुलं दहावी-बारावीनंतर मागे का पडतात, याचं एक ठरलेलं उत्तर हल्ली सभासंमेलनांतून ऐकू येतं. मुलांना स्वप्नं नाहीत, पालक उदासीन आहेत, इंग्रजी कच्चं आहे. उपायही ठरलेला: शाळाशाळांतून कल चाचण्या घ्या, पुण्याहून समुपदेशक बोलवा, वर्षातून एकदा करिअर शिबिर भरवा. गेल्या महिन्यात एका व्याख्यात्यांनी हे सगळं अर्ध्या तासात मांडलं आणि वर सांगितलं की, मावळाला उद्योगाच्या शिक्षणाची परंपराच नाही, त्यामुळे सुरुवात शून्यापासून करावी लागेल. टाळ्या पडल्या. मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

परंपरेचं आधी पाहू. 1908 साली याच तालुक्यात, तळेगावला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने काचेचा कारखाना काढला. तिथे माल निघत होता आणि मुलं काच करायला शिकत होती. तिथून शिकून गेलेल्यांनी पुढे देशात ठिकठिकाणी काच कारखान्यांत काम केलं. ज्याला हे माहीत नाही त्याने मावळाला परंपरा शिकवू नये.

पालकांच्या उदासीनतेबद्दल एवढंच सांगतो. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण इंगळूण-कशाळकडून वेळेवर गाडीच मिळाली नाही तर पास काय कामाचा? कान्हे स्टेशनवरून तळेगाव-चिंचवडला कॉलेजला जाणाऱ्यांचा दिवस लोकलवर चालतो, आणि दुपारच्या लोकल वाढवा ही मागणी किती वर्षं चालू आहे हे या मार्गावर प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारा. अंधार पडायच्या आत मुलगी घरी पोचेल की नाही याची काळजी करणाऱ्या आईला उदासीन म्हणणं हा अन्याय आहे. इंग्रजी शिकवावंच, त्यावर वाद नाही.

माझा खरा वाद कल चाचणीशी आहे.

राज्यात 2016 साली दहावीच्या मुलांसाठी ती सुरू झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं, आणि मुलाने दिलेल्या उत्तरांवरून त्याचा ओढा कुठे आहे याचा अहवाल. पुढे ती मोबाईलवरही आली. आता त्याच धर्तीच्या चाचण्या गावोगाव मागितल्या जातात. हेतू वाईट नाही. पण आंबा कधी न चाखलेल्या मुलाला हापूस आवडतो की पायरी असं विचारलं, तर तो काय सांगेल? ज्याचं नाव ऐकलंय तो. ओढा परिचयातून तयार होतो. परिचय नसलेल्या मुलाची चाचणी घेतली की हाती लागते ती त्याच्या अपरिचयाची मोजणी, आणि तीच अहवालात ‘आवड’ म्हणून छापून येते.

कान्ह्याच्या मुलीला आरोग्य क्षेत्र म्हणजे काय ठाऊक असतं? गावातल्या उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टर आणि सिस्टर. प्रयोगशाळेत रक्त तपासणारा, क्ष-किरण काढणारा, औषधांचा साठा सांभाळणारा, यंत्रं दुरुस्त करणारा तिला दिसतच नाही, कारण तो दाराच्या आत असतो. शेतीचंही तसंच. वडगावचं भात संशोधन केंद्र कान्ह्यापासून एका स्टेशनावर आहे. 1987 साली प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ तिथे तयार झाला, आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून. हा तांदूळ मावळात घरोघरी शिजतो. तो लावणाऱ्या घरातल्या मुलाला, नवं वाण तयार करणं ही पगाराची नोकरी असते आणि तिची वाट कृषी पदवीवरून जाते, हे शाळेत कोणी सांगितलेलं नसतं. मग ‘कृषी’ या शब्दापुढे त्याला चिखल आणि बापाचं कर्ज एवढंच दिसतं. तो ‘नाही’ म्हणतो. अहवाल म्हणतो, शेतीत रस नाही.

तळेगाव परिसरातल्या पॉलीहाऊसमधला गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत नौदलाचे अभियंते 1945 पासून घडतात. टाकव्याच्या रस्त्यावर, तळेगावच्या एमआयडीसीत एवढे कारखाने आहेत. आणि इथल्या पोरांना त्यातलं काय दिसतं? गेट. गेटवर सिक्युरिटीला उभा असलेला चुलतभाऊ. ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागलेला आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळालेला शेजारी. ज्यांच्या जमिनी महामार्गात आणि एमआयडीसीत गेल्या त्यांच्या मुलांना त्याच जमिनीवरची यंत्रं आतून बघायला मिळत नाहीत, आणि स्वप्नं नाहीत असा ठपका मात्र त्यांच्यावरच ठेवला जातो. तुम्हाला हा उद्दामपणा वाटत नाही का?

शाळेत काम आणण्याच्या वादाला जुनी पाळंमुळं आहेत. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. शाळांत तो पुठ्ठ्याच्या वस्तू आणि रजिस्टरमधली श्रेणी होऊन बसला. किमान कौशल्याचे अभ्यासक्रम अकरावी-बारावीला आले आणि ‘मार्क कमी पडलेल्यांची शाखा’ असा शिक्का घेऊन राहिले. दर वेळी एकच आक्षेप येतो: गावच्या मुलांच्या हातात पाना द्यायचा आणि शहरातल्या मुलांना पुस्तक, हा जुनाच डाव आहे. मी हा आक्षेप हलका मानत नाही. दहावीला कमी मार्क पडलेल्यांनाच कामाकडे वळवाल तर तो शंभर टक्के खरा आहे. म्हणून काम आठवीपासून हवं आणि वर्गातल्या प्रत्येकाला हवं, पुढे डॉक्टर होणारीलासुद्धा.

हे पुणे जिल्ह्यातच करून दाखवलेलं आहे. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस काम करतात: कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, मातीची आणि रक्तगटाची तपासणी करतात. शिकवायला गावातलेच कारागीर असतात, आणि मुलांच्या हातून गावाची खरी कामं होतात. गणित तिथे मापात दिसतं, विज्ञान वायरमध्ये दिसतं.

कान्हे पट्ट्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत हा एक दिवस हवा. त्याला जोडून कारखाने, भात केंद्र, रुग्णालय यांनी नववीच्या मुलांना आत घ्यावं. राबवायला नाही, बघायला आणि विचारायला. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 पासून आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कोणत्या कारखान्यात फिटरच्या, कोणत्यात इलेक्ट्रिशियनच्या किती जागा आहेत, त्याला दहावीचं कोणतं गणित लागतं, आणि तिथून डिप्लोमाला कसं जाता येतं, हे दहावीच्या वर्गाच्या भिंतीवर लावलेलं असावं. ठेकेदाराचा माणूस दारात येण्याआधी मुलाने ते वाचलेलं असायला हवं.