स्क्रू आवळणारे हात

अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. 2024 च्या जूनमध्ये ते महाराष्ट्राला ठाऊक झाले, ते उपोषणाच्या मांडवामुळे. जवळच्याच अंतरवाली सराटीत 29 ऑगस्ट 2023 रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले होते. वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे बसले. दोन्ही मांडवांभोवती जमलेले तरुण बहुतांशी कोरडवाहू, अल्पभूधारक घरांतलेच. ज्या सरकारी नोकऱ्यांच्या वाट्यावरून हा कलह, त्या मूठभर. उरलेल्यांची वाट वाळूज, शेंद्रा नाहीतर चाकणकडे जाते, आणि तेथे हाती येणारे पहिले काम म्हणजे जुळणीच्या लाइनवर उभे राहून स्क्रू आवळणे.

हे काम क्षुल्लक मानणे अज्ञानाचे लक्षण होय. आवळण्यासाठी लावलेल्या जोरापैकी सुमारे दहावा हिस्साच दोन भाग घट्ट धरून ठेवण्याच्या कामी येतो. बाकीचा स्क्रूच्या डोक्याखाली व आट्यांत घर्षणात खर्ची पडतो. आट्यांना तेल कमीजास्त लागले तरी पकड बदलते. हवेच्या दाबावरील गनचा शेवटचा झटका पाळीभर मनगट सोसते. विजेवर चालणारे नवे यंत्र जोर व फेऱ्याचा कोन दोन्ही मोजते आणि प्रत्येक स्क्रूची नोंद ठेवते. त्याला स्क्रू पुरवणारा फीडर जोडून ते यंत्रहाताला बसवले की माणसाची गरज उरत नाही. बजाज ऑटोने चाकणला 2010 पासूनच कामगारांशेजारी असे यंत्रहात उभे केले. ब्रेकचा स्क्रू ढिला राहू नये आणि कोणाचे मनगट झिजू नये, याला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न लाभ कोणाच्या पदरी पडतो हा आहे. 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाबाबत व्यवस्थापनाशी रीतसर करार केला. संघटना होती म्हणून तो झाला. कपात संभवते असा यंत्रबदल करण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस देण्याचे बंधन 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातले; 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही बदलाच्या नोटिशीची तरतूद ठेवली. मात्र नोटीस मिळते ती कामगाराला. लाइनवर अनेकदा शिकाऊ उमेदवार उभा असतो, आणि 1961 च्या कायद्याच्या 18 व्या कलमान्वये तो कामगारच नव्हे. त्याला कोणी काढीत नाही. त्याची मुदत संपते आणि त्याच्या जागी पुढचा घेतला जात नाही, एवढेच. जो वडीगोद्रीहून अजून निघालेलाच नाही, त्याच्या वतीने कोणती युनियन बोलणार? कामगार संघटनांनी आतल्यांसाठी चांगले करार केले. दाराबाहेरच्यांचा विचार त्यांनी क्वचितच केला, हे चळवळीने कबूल करावे.

2024 च्या जुलैमध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ टोयोटा किर्लोस्करच्या प्रकल्पाचा करार झाला. जाहीर आकडे 20,000 कोटी रुपये गुंतवणूक व 8,000 प्रत्यक्ष रोजगार असे होते. भागाकार केला तर एका नोकरीमागे अडीच कोटी भांडवल येते. आधुनिक कारखाना भांडवलप्रधान असणारच. परंतु राज्याच्या प्रोत्साहन योजनांत सवलतीची कमाल मर्यादा स्थिर भांडवलाच्या टक्केवारीने ठरते; म्हणजे यंत्र जितके महाग, तितकी सवलतीला जागा अधिक. सार्वजनिक पैशाचा हा विनियोग उफराटा आहे.

सवलत प्रत्यक्ष भरलेल्या कायम जागांच्या प्रमाणात द्यावी, आणि बदलाच्या नोटिशीचा हक्क शिकाऊ उमेदवारांपर्यंत न्यावा, या मागण्या पक्षाने हाती घ्याव्यात. माणसांच्या जागी यंत्रहात बसवणाऱ्या मोठ्या कारखान्यांवर रोजगार-अधिभारही बसवावा. उद्योग शेजारच्या राज्यात पळतील, ही भीती लगेच घातली जाईल. महाराष्ट्राने 1975 साली व्यवसायकर लावला आणि शहरी पगारदाराच्या खिशातून ग्रामीण रोजगार हमीला पैसा उभा केला. त्यामुळे मुंबईतील कचेऱ्या काही ओस पडल्या नाहीत.

अंबड तालुक्यातील कार्यकर्त्यांनी प्रथम एक काम करावे. दोन्ही मांडवांत गेलेल्या तरुणांपैकी कोण वाळूजला जाऊन आले, किती महिने राहिले आणि कोणत्या कागदावर सही करून परतले, याची गावनिहाय नोंद घ्यावी. ती तयार झाल्यावर दोन्हीकडच्यांना एकाच सभेत बोलावून वाचून दाखवावी.