पडला म्हणून खेळ सोडू नये

माझे मत असे आहे की, पडला म्हणून कोणी खेळ सोडू नये.

बोरिस बेकर हा जर्मनीतला मुलगा. १९८४ साली तो सोळा वर्षांचा होता. तेव्हा तो इंग्लंडात विंबल्डनला टेनिस खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत त्याचा घोटा दुखावला. सामना अर्धवट सोडावा लागला. पण त्याने टेनिस सोडले नाही. १९८५ साली तो परत तिथेच गेला. त्या वर्षीही एका सामन्यात पाय मुरगळला. मग पट्टी बांधून खेळला. शेवटच्या सामन्यात त्याने केविन करनला हरवले. वय फक्त १७! पुरुषांत एवढ्या लहान वयात ती स्पर्धा अजून कोणी जिंकलेली नाही. चेंडू लांब गेला की तो गवतावर सूर मारायचा. कपडे मळायचे, पण चेंडू सोडायचा नाही.

काही जण म्हणतात, नशिबाने जिंकला. मला नाही पटत. नुसते नशीब असते तर १९८६ साली पुन्हा कसा जिंकला?

आपला गुडघा फुटला की घरचे म्हणतात, "उद्यापासून खेळ बंद." पालकांनो, रागवा, हळद लावा, पण खेळ बंद करू नका.