टीव्ही घ्यायचा? आधी टेप घ्या!

पोस्ट जरा लांब आहे, पण दिवाळीला टीव्ही घ्यायचा विचार असेल किंवा तुम्ही गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

मागं एकदा आपल्या जिल्ह्यातल्या एका शाळेत पालकसभेला गेलो होतो. लोकवर्गणीतून नवा कोरा ३२ इंची टीव्ही आणलेला. फळ्याच्या वर, पार छताजवळ टांगलेला. सरांनी हौसेनं मराठीचं पुस्तक टीव्हीवर लावलं. मी मागच्या बाकावर लेकरांशेजारी बसलो होतो. बाजूच्या पोराला म्हणलं, "बाळा, वाच बरं काय लिहिलंय." पोरगं म्हणालं, "काका, चित्र दिसतंय, अक्षर नाही दिसत."

गावानं ते पैसे कसे जमवले ते मला माहिती आहे. कुणी कापूस विकल्यावर पाचशे दिले, कुणी मजुरीतून पन्नास. दुकानात जाताना सगळ्यांनी एकच विचारलं, "स्वस्तात स्वस्त कितीला?" वर्गाची लांबी मात्र कुणीच मोजली नाही.

आता ३२ इंचच का? एक कारण कराचं आहे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर २८ टक्के. म्हणजे ३३ व्या इंचापासून टीव्ही चैनीची वस्तू! २२ सप्टेंबर २०२५ पासून हा फरक गेला, मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच लागतात. हिशोब करा: कराआधी १८ हजारांचा ४३ इंची टीव्ही पूर्वी २३,०४० ला पडायचा, आता २१,२४० ला. १,८०० रुपये वाचले. म्हणून जुन्या सवयीनं डोळे झाकून ३२ इंची उचलू नका.

मग किती इंची घ्यायचा? सोपा आडाखा सांगतो, चारचा पाढा. सगळ्यात मागं बसणाऱ्या माणसाचं टीव्हीपासूनचं अंतर फुटात मोजा आणि त्याला चारनं गुणा. येईल तेवढे इंच कमीत कमी पाहिजेत. अक्षर वाचायचं असेल तर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये, असा साधारण नियम आहे. चारचा पाढा त्यातूनच निघतो. घरात पलंग आठ फुटांवर असेल तर ३२ इंची पुरतो. दहा-अकरा फुटांवर असेल तर ४३. आणि वर्गात शेवटचं बाक सोळा फुटांवर असेल तर ६५ इंची लागतो. तिथं ३२ इंची लावणं म्हणजे पुढच्या दोन रांगांपुरता टीव्ही.

आता दुसरा घोळ. दुकानदार म्हणतो, "साहेब, फोर-के घ्या, पिक्चर एकदम काचेसारखं." पडद्यावर बारीक ठिपके असतात, त्यांचा हा हिशोब. एचडी रेडी म्हणजे १३६६ गुणिले ७६८, साधारण साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २१ लाख. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. आकडा मोठा आहे खरा, पण आपल्या डोळ्यालाही मर्यादा आहे. ३२ इंची एचडी रेडी टीव्ही सहा फुटांच्या पुढून बघितला तर चांगल्या नजरेच्या माणसालाही ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचंही तसंच, साडेपाच-सहा फुटांच्या पुढं फोर-के आणि फुल एचडी ओळखून दाखवणं अवघड.

शिवाय टीव्हीत येतं काय तेही बघा. गावोगावी दूरदर्शनची फ्री डिश आहे, महिन्याचा रिचार्ज नाही म्हणून. तिच्यावरची बहुतेक चॅनलं साध्या दर्जाची, ५७६ ओळींची. फोर-के टीव्ही त्यात नवीन चित्र घालू शकत नाही, आहे तेच ताणून मोठं करतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बघणार असाल तर फोर-के पिक्चरला तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो. आपला पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा. कशाला मग?

म्हणजे फोर-के वाईट का? तसं नाही. ५५ इंचाच्या पुढं बहुतेक टीव्ही फोर-केच येतात, तिथं प्रश्नच नाही. ४३ मध्येही फरक हजारभराचाच असेल तर खुशाल घ्या. पण त्याच पैशात ३२ इंची भारी ठिपक्यांचा की ४३ इंची साधा, असा प्रश्न आला तर मोठा पडदा घ्या. पैसे आधी इंचाला, मग ठिपक्याला.

एक सावधगिरी. स्वस्तातल्या काही टीव्हींच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "फोर-के सपोर्ट" किंवा "फुल एचडी सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही तसा व्हिडिओ चालवून घेतो. पडदा तसा असेलच असं नाही. पडद्याचे मूळ ठिपके किती, ते आकड्यात विचारा आणि पक्क्या बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण बिलच नसेल तर तिथं दाखवणार काय?

आता मूळ मुद्दा. घरचा टीव्ही चुकला तर आपले पैसे गेले. शाळेचा चुकला तर गावाचे पैसे जातात आणि नुकसान मागच्या बाकावरच्या लेकराचं होतं. म्हणून माझं म्हणणं असं: शाळेसाठी टीव्ही घेताना, मग पैसा ग्रामपंचायतीचा असो की लोकवर्गणीचा, कोटेशन मागवायच्या आधी वर्ग मोजा. कोटेशनमध्ये पडद्याचा आकार सेंटीमीटरमध्ये आणि ठिपके आकड्यात लिहून मागा. टीव्ही छताजवळ न टांगता बसलेल्या लेकरांच्या नजरेच्या जवळपास लावा, खिडकीचा उजेड पडद्यावर पडणार नाही असा. मोठ्या टीव्हीला पैसे नसतील तर आहे त्या ३२ इंचीसमोर लेकरांना सतरंजीवर आठ फुटांच्या आत बसवा, दोन गट करून दाखवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आणि टीव्ही लावल्यावर एक परीक्षा घ्या. पुस्तकाचं पान लावा आणि शेवटच्या बाकावरच्या लेकराला वाचायला सांगा. त्यानं वाचलं तर टीव्ही पास.

तुमच्या गावच्या शाळेत टीव्ही किती इंची आहे आणि शेवटचं बाक किती फुटांवर आहे? मोजून कमेंटमध्ये लिहा. बदनापूरपासून मंठ्यापर्यंत सगळ्यांनी लिहा, म्हणजे आकडे घेऊन बोलता येईल.